डस्टर कुणाच्या हातात

"तू सामान्य. तू सामान्य. तू पण."

सर बाकांच्या मधून चालत होते. ज्याच्या पाठीवर डस्टर पडेल तो सामान्य. नववीचा पहिला आठवडा. जळकोटजवळची आमची शाळा. तेव्हा नववीला गणिताच्या दोन वाटा असायच्या. एक बीजगणित-भूमितीची. दुसरी 'सामान्य गणित' नावाची, सोपी, गणित ज्यांच्या डोक्यात शिरत नाही त्यांच्यासाठी. सामान्य घेतलं की पुढं विज्ञान शाखेचा रस्ता बंद. कुठली वाट घ्यायची ते विद्यार्थ्यानं ठरवायचं, असं सांगायला होतं. आमच्याकडं ते सरांचा हात ठरवायचा.

डस्टर माझ्या पाठीवर पडलं. जोरात नाही. बैलाला हाकलताना थोपटतात तेवढंच. निळ्या कुडत्यावर पांढरा चौकोन उठला.

आठवीला गणितात मला वर्गात दुसऱ्या नंबरचे मार्क होते. ते मार्क याच सरांनी दिले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मला बीजगणित पाहिजे."

सर हसले. त्यांचं हसणं फार मऊ होतं. रागीट माणूस परवडतो. "कशाला डोक्याला ताप करून घेतीस? तुम्हाला सगळीकडं सवलत आहे. काठावर पास झालीस तरी भागतंय."

वर्ग हसला. सगळ्यात आधी हसला तो पहिल्या बाकावरचा, संस्थेच्या सचिवांचा मुलगा. त्याच्या पाठीवर डस्टर पडलं नव्हतं. पडणारही नव्हतं. आठवीला तो माझ्या पुष्कळ मागं होता.

त्या दिवशी आमच्या वस्तीतली नववीतली सगळी पोरं पाठीवर पांढरा चौकोन घेऊन घरी आली. एकही सुटलं नाही. आईनं माझी पाठ झटकली आणि विचारलं, कुणी मारलं. मी म्हणाले, "मारलं न्हाई. निवडलं."

आईला कळलं नाही. मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

वडील पंचायत समितीत शिपाई. घरी उपासमार नव्हती, पुस्तकांना नाही म्हणणारं कुणी नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण आमची गोष्ट ऐकताना लोकांना भाकरीचा तुकडा लागतो. भाकर होती. मान नव्हता. सरांनी वडिलांना ऑफिसात गाठून आधीच समजावून टाकलं होतं की पोरीला झेपणार नाही, उगाच नापास होईल. वडील घरी येऊन म्हणाले, "सर म्हणतेत तर आपल्या भल्याचंच आसंल." साहेबांच्या दारात उभं राहून राहून त्यांना सगळ्यांचंच म्हणणं भल्याचं वाटायला लागलं होतं. त्या रात्री मला सरांपेक्षा वडिलांचा जास्त राग आला.

मला गणित आवडायचं. का आवडायचं ते सांगते, कारण पुष्कळ शहाण्यांना वाटतं की ती आवड रक्तात असते, पिढ्यांची असते, अमक्या घरात जन्म घेतला की आपोआप येते. सहावीत मी नळाच्या रांगेत घागर घेऊन उभी असायची. पाण्याचा पत्ता नसायचा. उभ्याउभ्या पाढे म्हणायची. आठ गुणिले आठ, चौसष्ट. मग आठाचे शेजारी घेतले, सात आणि नऊ. त्रेसष्ट. एकानं कमी. बारा बारा एकशे चव्वेचाळीस. अकरा आणि तेरा, एकशे त्रेचाळीस. पुन्हा एकानं कमी. मी घागर तिथंच ठेवली आणि वीस घेतले. एकोणीस आणि एकवीस. तोंडी करता करता दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आलं, तीनशे नव्याण्णव. अंगावर काटा आला. नंबर आला तरी मी तशीच उभी, मागच्या बाईनं शिवी दिली तेव्हा जागी झाले.

ते मला सुचलं कारण तिथं कुणी बघत नव्हतं. दोनदा चुकले तर घागर हसली नाही. एवढंच त्यातलं रहस्य. ज्याला निवांत चुकू दिलं जातं त्याला गणित आवडतं. ज्याच्या प्रत्येक चुकीवर त्याच्या घराण्याचा हिशोब निघतो त्याला नाही आवडत. बाकी मेंदूबिंदूच्या गप्पा पोटभर जेवलेल्यांच्या आहेत.

सामान्यवाल्यांचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. शिकवायला पी.टी.चे सर. ते खुर्चीत पेपर वाचायचे आणि मधूनमधून म्हणायचे, सोडवा. गॅदरिंग असलं की खुर्च्या उचलायला सामान्यवाले. साहेब तपासणीला आले की स्टाफरूममध्ये चहा न्यायला सामान्यवाले. बीजगणिताच्या तासाला कुणालाच उठवत नसत, त्यांचा अभ्यास बुडतो म्हणून.

एक दिवस मी व्हरांड्यात बसले नाही. सरळ वर्गात गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. दुसरी कुठलीही युक्ती मला सुचली नाही.

सरांनी बघितलं. हाकललं नाही. वर्गाला म्हणाले, बसू द्या, चार दिवसांत आपोआप जाईल. मी बसले. चार दिवस झाले, मी जाईना. सर दोन चलांची समीकरणं शिकवत होते. दोन अनोळखी संख्या दोन ओळींत लपलेल्या असतात. एका ओळीतून दुसरी वजा करायची, एक संख्या गळून पडते आणि दुसरी तोंड दाखवते. मला ते फार आवडलं. वस्तीत कुणाला तरी सांगावंसं वाटायचं.

सचिवांच्या मुलाला एक दिवस फळ्यावर बोलावलं. वजा करताना खालच्या ओळीचं चिन्ह बदलायचं त्याच्याकडून राहिलं. उत्तर वेडंवाकडं आलं. सर म्हणाले, "चिन्हाकडं लक्ष दे बेटा. हुशार आहेस, पण घाई करतोस." आणि डस्टर त्याच्या हातात दिलं. त्यानं पुसलं. पुन्हा लिहिलं. बरोबर आलं. सर म्हणाले, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. सर म्हणाले, "हे सुटलं तर बस. न्हाई सुटलं तर आपल्या जागेवर जायचं." जागा म्हणजे व्हरांडा. सगळ्यांना कळलं.

फळ्यावर होतं: 2x + 3y = 13 आणि 2x − y = 1.

मी खडू उचलला. मागं हसू दाबल्याचे आवाज येत होते. मी वजा केलं. 2x गेले. तीन y मधून एक y, मी लिहिलं 2y. बरोबर बारा. y बरोबर सहा.

चुकलं होतं. तीच चूक. कालचीच. चिन्ह बदलायचं राहिलं होतं.

सर वर्गाकडं वळले. माझ्याकडं बघितलंही नाही. "बघा. म्हणून मी म्हणत असतो. ह्या लोकांच्या डोक्यात गणित शिरत नाही, त्यात त्यांचा दोष नाही." मग मला म्हणाले, "जा."

वर्ग मोकळेपणानं हसला. आणि त्या हसण्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याची चूक घाईची. माझी चूक जातीची. चूक तीच. चिन्हही तेच. त्याच्या चुकीला डस्टर मिळालं, माझ्या चुकीला दार.

मी गेले नाही. मी म्हणाले, "सर, काल त्याला पुसू दिलं. मलाबी पुसू द्या."

हसणं थांबलं. सरांनी टेबलावरचं डस्टर उचललं. मला वाटलं, देतात. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. शिकलेला माणूस. पांढरेशुभ्र कपडे. एका पोरीला फळा पुसायला मिळू नये म्हणून ड्रॉवर लावतो. आजही ते आठवलं की मला राग येत नाही, किळस येते.

मी ओढणीनं पुसलं. एकच ओळ पुसली. लिहिलं, 4y. बरोबर बारा. y बरोबर तीन. x बरोबर दोन. खडू ठेवला.

सरांनी फळा बघितला. उत्तर बरोबर आहे असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. म्हणाले, "ओढणी धू घरी जाऊन. आणि बस. बघू बोर्डाला काय दिवे लावतीस."

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुन्हा मला कुणी उठवलं नाही. पुन्हा मला फळ्यावरही कुणी बोलावलं नाही, दहावी संपेपर्यंत. वडिलांनी बीजगणिताच्या फॉर्मवर निमूट सही केली. माझ्या ओढणीकडं बघून त्यांना काय कळलं कोण जाणे, पण सर म्हणतेत हे वाक्य त्यांनी घरात परत काढलं नाही.

व्हरांड्यात माझी मैत्रीण राहिली. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. सागरगोट्या खेळताना पुढच्या चार खेळ्या तिच्या डोक्यात तयार असायच्या, मला कधी जिंकू दिलं नाही. तिला लातूरला जाऊन पॉलिटेक्निक करायचं होतं. सामान्य गणितावर कुणी उभं केलं नाही. आता ती नायगावला असते, लग्न होऊन. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "मला तं बाई गणिताची नफरतच हाय."

मी म्हणाले, "तुला ते भेटलं कुठं? व्हरांड्यात तं पी.टी.चे सर होते."

ती रडायला लागली.  मी तिला समजावलं नाही. काय समजावणार?

आणि दुसरीकडं हे बघा. नांदेडात मी आता हायस्कूलला गणित शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये चांगल्या घरच्या बाया आहेत. गणिताचा विषय निघाला की त्या खळखळून हसतात, अय्या, मला तर गणित कधी जमलंच नाही. दागिना दाखवावा तसं सांगतात. जमलं नाही म्हणून त्यांचं काय अडलं? नोकरी लागली, घर झालं, मुलगा लातूरच्या क्लासला गेला. गणित न आवडणं ही त्यांची आवडनिवड आहे. कारलं आवडत नाही, गणित आवडत नाही. आमच्या पोरानं तेच वाक्य म्हटलं की तो पुरावा होतो. बघा, ह्यांना नाहीच येत. मला त्या हसण्याची मनापासून चीड येते आणि मी ती लपवत नाही. त्यामुळं डबा खायला मला कुणी बोलावत नाही. नाही बोलावलं तर नाही.

सर एकदा भेटले. लातूरच्या एका मंगल कार्यालयात. म्हातारे झालेत. चार लोकांत माझा हात धरून म्हणाले, ही माझी विद्यार्थिनी, आज गणिताची शिक्षिका आहे, मी हिला तेव्हाच ओळखलं होतं.

"हाव सर," मी म्हणाले. "पाठीवर ठसा मारून ओळखलं होतं."

लोक हसले. त्यांना विनोद वाटला. सरांनी हात सोडला. माफी मागतील अशी आशा मी धरली नव्हती आणि मला ती नकोही होती. माझ्या मैत्रिणीचं पॉलिटेक्निक त्या माफीतून थोडंच निघणार होतं.

'सामान्य गणित' पुढं बंद झालं. लोक म्हणतात, बरं झालं, संपलं सगळं. या जूनमध्ये आमच्या शाळेच्या संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार गोड माणूस, सरांसारखाच. म्हणाले, दहावीच्या दोन तुकड्या करायच्या. एक हुशार पोरांची, निकाल त्यांच्यावर लावायचा. दुसरी बाकीच्यांची, त्यांना पस्तीस मार्कांपुरतं शिकवायचं, नेमकी तेवढीच गणितं घोकून घ्यायची, वर एक ओळ नाही. मी विचारलं, चाचणी कधी घ्यायची. ते म्हणाले, चाचणी कशाला, कोण कुठल्या वस्तीतून येतं ते कळतंच की आपल्याला.

आणि मग म्हणाले, "मॅडम, दुसरी तुकडी तुम्हीच घ्या. तुमचं त्यांच्याशी चांगलं जमेल."

डस्टर पुन्हा पाठीवर पडलं. इतक्या वर्षांनी. ठप.

मी म्हणाले, "घेते. पण पस्तीसचं शिकवणार न्हाई. पूर्ण शिकवणार."

ते म्हणाले, निकाल घसरला तर? तुमच्या नेमणुकीची ऑर्डर वर्षावर्षाची आहे, विसरू नका. मी म्हणाले, विसरले नाही. आणि उठून आले.

त्या तुकडीचा पहिला तास झाला. एका पोरीला फळ्यावर बोलावलं. तिचं चुकलं. खडू टाकून ती मान खाली घालून दाराकडं निघाली. कुणी जा म्हटलं नव्हतं. इतकं पक्कं शिकवलेलं असतं. मी दारात आडवी उभी राहिले आणि डस्टर तिच्या हातात दिलं. तिला वाटलं, मारायला उचललंय. ती खांदे आकसून उभी राहिली.

मी म्हणाले, "पूस. पुन्हा लिही."

तिनं पुसलं. पुन्हा चुकलं. पुन्हा पुसलं. तास संपला तरी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. पण ती दाराकडं गेली नाही.

संचालक व्हरांड्यातून चकरा मारतात. एकच गणित किती दिवस चालणार म्हणून विचारतात. येईपर्यंत चालणार. पुढच्या वर्षी ऑर्डर नाही निघाली तर न निघो. निघून जाताना शाळेचं काही घेऊन जाणार नाही. पण मी इथं आहे तोवर माझ्या वर्गातलं डस्टर ड्रॉवरमध्ये जाणार नाही, आणि कुणाच्या पाठीवर तर नाहीच नाही.