बसून वाजवणाऱ्याची सोयरीक

चार माणसं मिळून ऑर्केस्ट्रा काढतात तेव्हा त्यांना वाटतं, आपण गाणी बसवतोय. खोटं! जमा होतात ते किस्से. आमच्या साकोलीच्या ऑर्केस्ट्राची गाणी आज कोणालाही आठवत नाहीत. मलाही नाहीत. पण आम्ही जुने लोक कुठे लग्नाबिग्नात भेटलो, की कोणीतरी म्हणतंच, "गुरुजी, ते इस्त्रीवालं सांगा ना जी!" मग मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो आणि माझे कान तापतात. कारण आमच्या किश्शांत फजिती होते ती नेहमी माझीच. एक किस्सा मात्र मी तिथे टाळतो. आज तोही सांगून टाकतो, पण शेवटी.

आणीबाणी उठल्यानंतरची ही वर्षं. मी साकोलीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. वय बत्तीस, लग्न व्हायचं होतं. देवरावभाऊ आमचा गायक आणि पार्टीचा मालक, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. वामन दवाखान्यात कंपाउंडर. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा आणि फावल्या वेळात लग्नं जुळवायचा. आणि मी स्टील गिटारवर.

स्टील गिटार म्हणजे हिरो गळ्यात अडकवून नाचतो ती नव्हे. ही मांडीवर पाटासारखी आडवी ठेवायची. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हातानं तारा छेडायच्या. सूर असा निघतो की माणूस गातोय वाटावं. पण बसावं लागतं. इथेच सगळी भानगड झाली! आमची झाडीपट्टी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, पाहून मोठी झालेली. त्यात शाहीर उभा, नाच्या उभा, ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून तासन् तास उभा. अशा लोकांसमोर एक धडधाकट माणूस खुर्चीवर बसून वाजवतो म्हणजे काय?

*

शहापूरचा पहिला कार्यक्रम. देवरावभाऊ उभा, वामन उभा, बोंगोवाला उभा. मीच एकटा खुर्चीवर. दर्दभरं गाणं होतं, मी डोळे मिटून कांडी सरकवत होतो. पुढच्या रांगेत एक म्हातारा होता. कानानं अधू, म्हणून बोलायचा मोठ्यानं.

"हा खुर्चीवाला काय करून राहिला बे?"

शेजारचा ओरडला, "इस्त्री करून राहिला, बाबा!"

म्हातारा म्हणाला, "आता? घरून काहून नाही करून आला?"

सगळा मांडव हसला. पण खरी गंमत पुढेच. कार्यक्रम संपला आणि चार जवान पोरं स्टेजवर चढली. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी मला खुर्चीसकट उचललं! मला वाटलं, मानपान! पहिलाच कार्यक्रम आणि लोकांनी डोक्यावर घेतलं! मी दोन्ही बाजूंना नवरदेवासारखे नमस्कार करत एसटीपर्यंत गेलो. बाया पदर तोंडाशी धरून म्हणत होत्या, "बिचारा!" ते 'बिचारा' मी ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत नव्हतो.

*

त्या खुर्चीनं माझा घात केला. पुढच्या काही महिन्यांत दोन स्थळं आली आणि आल्या पावली परत गेली. कारण कोणी सांगेना. शेवटी चहा पिता पिता वामननं सांगितलं.

"पोराच्या पायात खोट हाय म्हन्तेत. म्हनून बसून वाजवते."

"अरे, मी रोज सायकलनं शाळेत जातो!"

"मले माहीत हाय. पोरीच्या बापाले कोन सांगन?"

मीच सांगणार होतो! दुसऱ्या दिवशी परीटघडीचा पायजमा घातला आणि त्यातल्या एका पोरीच्या बापाच्या किराणा दुकानासमोरून ताठ मानेनं, भराभरा तीनदा गेलो. चौथ्या खेपेला त्यांनी हाक मारली. बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "मस्त जमवलं जी तुमी. चालताना बिलकुल दिसत नाही!"

त्याच संध्याकाळी आम्ही ठरवलं, आता उभ्यानंच वाजवायचं. स्टेजवर, सगळ्यांच्या देखत. नाहीतर मी जन्मभर बिनलग्नाचा राहतो हे मला दिसत होतं.

*

देवरावभाऊच्या दुकानात ट्यूबला तोटा नव्हता. त्यानं दोन जुन्या ट्यूब जोडून गिटार माझ्या गळ्यात अशी आडवी टांगली, की पोटासमोर जणू टेबलच. दुकानात झकास वाटलं. लाखांदूरच्या बाजारात भरदुपारी कार्यक्रम होता, तिथे पहिल्याच ओळीला कांडी दाबली तशी गिटार खाली गेली, आणि सोडली तशी वर आली. रबर ते! गिटार खाली-वर, मी तिच्यामागे खाली-वर आणि सूर तिसरीकडेच. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, हा डान्स आहे.

मध्यंतरात मी तोंड लपवून मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो, गिटार गळ्यातच. एक बाई आली. गिटारीवर वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "फल्ली संपली का जी?"

बाजारात शेंगदाणे विकणारे असंच पाट गळ्यात अडकवून फिरायचे. तिची काही चूक नव्हती. मी "संपली" म्हणालो.

*

मग मी शाळेतलं टेबल नेलं. ते बुटकं, म्हणून चारी पायांखाली विटा लावल्या. विटा बऱ्या दिसेनात, म्हणून वरून जमिनीपर्यंत फुलाफुलांची चादर सोडली. मी मागे उभा. त्या दिवशी असं वाजवलं, असं वाजवलं, की देवरावभाऊसुद्धा गाताना वळून पाहत होता. मी खूश. आज सगळ्यांनी पाहिलं!

कार्यक्रमानंतर वामन आला, चेहरा पाडून.

"कमरेखालचं काहीच दिसत नव्हतं बे तुहं."

"मग?"

"लोक म्हन्तेत, आता तं पाय पुरेच गेले. म्हनून चादर लावली!"

*

आता पुढचं. हे सांगताना हसू येतं, पण हसू नये असं आहे.

पंधरा ऑगस्ट. आमच्या हेडमास्तरांना हौस, की यंदा राष्ट्रगीत गिटारवर व्हावं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. म्हणजे 'नाही' असं म्हणालोच नाही! सरपंच, त्यांचे गावोगावचे पाहुणे, ओळीत उभी पोरं, आणि ओट्यावर मी खुर्चीत. झेंडा वर गेला, मी सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच सरपंच ओठ न हलवता म्हणाले, "गुरुजी, उभे राहा. राष्ट्रगीत हाय!"

वाजवणाऱ्यानं बसलं तर चालतं की नाही, देव जाणे! मी घाबरून ताडकन उठलो. गिटार मांडीवरून घसरली, ती कशीबशी धरली. कांडी मात्र सुटली आणि टणटण करत पायऱ्यांवरून सरपंचांच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

राष्ट्रगीत अर्ध्यात बंद! आता हलायचं कोणी? सरपंच सावधान, हेडमास्तर सावधान, पोरं सावधान, आणि मी काखेत गिटार धरून सावधान. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर तिसरीतल्या एका पोरीनं उरलेलं गायला घेतलं, तिच्यामागे सगळी शाळा गायली आणि आम्ही सुटलो.

हेडमास्तर माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, आता नोकरी गेली. सरपंचांनी कांडी उचलली, माझ्या हातात दिली, खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या जी. तुमच्या पायाचं मले माहीत हाय. मीच चुकलो."

इथे एक वाक्य बोलायला हवं होतं. 'माझे पाय चांगले आहेत.' बस, एवढंच! पण नोकरी वाचत होती ना. मी मान खाली घातली. आणि ओट्याच्या पायऱ्या उतरताना, काय सांगू तुम्हाला, मी जरा लंगडलो. झेंड्याखाली, सगळ्या शाळेसमोर!

एकदा लंगडलो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी लगेच बरा कसा होणार? पुढचे आठ दिवस मी गावाच्या शिवेपर्यंत सायकल हातात धरून लंगडत जायचो आणि शीव ओलांडली की टांग मारायचो. मधे एकदा चुकून पाय बदलला. मोठ्यांच्या लक्षात आलं नाही. वर्गातली पोरं मात्र माझ्याकडे बघायची आणि मग एकमेकांकडे बघायची. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो.

*

दिवाळीच्या आधी वामन स्थळ घेऊन आला. लाखांदूरकडचं, धानाची शेती असलेलं घर.

"पोरगी सातवी शिकली हाय. गाण्याची लय हौस. मागच्या मंडईत तुले आयकलं होतं तिनं. बाप पंधरा ऑगस्टले तुमच्या सरपंचाकडं पाहुना आलता. त्यायले तुहं सगळं माहीत हाय, काही हरकत नाही म्हन्तेत."

सगळं म्हणजे काय? मी मनात यादी केली. वय, पगार, कपाळावरून मागे सरकलेले केस. हरकत नाही म्हणतात तर बरंच झालं! राहिला तो राष्ट्रगीताचा गोंधळ आणि पायाची अफवा. ती मी मंडईत उभा राहून कायमची मिटवणार होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, दंडारीचे खेळ, सगळा दिवसाउजेडाचा कारभार. ते लोक मला तिथेच पाहायला येणार होते.

मी सखारामबुवांकडे गेलो. बुवांनी खडी गंमतीत उभा जन्म ढोलकी वाजवली होती. त्यांनी गिटार उलटसुलट करून पाहिली.

"हे गळ्यात कायले टांगता? कमरेले बांधा. मान फक्त आधाराले."

त्यांनी जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, कमरेला दोन वेढे देऊन गिटार आवळली आणि वरून मानेत एक पट्टा घातला. काय सांगू, गिटार जागची हलेना! मी बुवांच्या पाया पडलो.

"फक्त नाचू नका, गुरुजी," बुवा म्हणाले.

*

मंडईच्या दिवशी पाहुणे पहिल्याच रांगेत सतरंजीवर बसले होते. बाप, आई आणि मधे ती, निळ्या लुगड्यात. वामननं स्टेजवर माझ्यासाठी आधीच खुर्ची मांडून ठेवली होती. मी ती मागे सरकवली. त्यानं पुन्हा पुढे आणली. मी पुन्हा सरकवली. त्यानं डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, पण तेवढ्यात देवरावभाऊनं माइक हातात घेतला होता.

मी तीन गाणी उभ्यानं वाजवली. तिसऱ्याला राहवलं नाही आणि नाचलो. एक पाय उचलून गिरकी घेतली! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी पोरीच्या बापाकडे पाहिलं. ते माझ्या पायांकडे बघत होते. म्हटलं, पाहा, नीट पाहा!

कार्यक्रम संपला. गिटार कमरेला तशीच ठेवून मी शेवटची पायरी उडी मारून उतरलो आणि त्यांच्यासमोर जाऊन हात जोडले.

बाप म्हणाले, "पाय तं चांगले हायेत जी तुमचे."

"एकदम!" मी म्हणालो आणि जागच्या जागी दोन उड्या मारून दाखवल्या.

त्यांनी वामनकडे पाहिलं. वामन अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा सोडत होता, तो मान वर करेना.

"पंधरा ऑगस्टले आमी आपल्या डोयानं येगळं पाह्यलं होतं," बाप म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांनीही हात जोडले. "आता राहू द्या. आमची पोरगी तुमच्या जोगती नाही."

आईनं तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तेव्हा मला तिचा पाय दिसला. गुडघ्याखाली मनगटाएवढा, पाऊल आत वळलेलं, टाच जमिनीला टेकत नव्हती. मी आठ दिवस जे करून दाखवलं होतं ते असं मुळीच दिसत नव्हतं. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

'थांबा' म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. आणि खरं सांगायचंच म्हटलं तर, तो पाय पाहिल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

ती दोन पावलं चालली आणि माझ्यासमोर थांबली. माझ्याकडे नाही, कमरेला बांधलेल्या गिटारीकडे पाहत म्हणाली,

"मागच्या साली बसून वाजवलं होतं तुमी. ते मले लय आवडलं होतं."