बँडवाल्यांचं कॅलेंडर

मी नेमकी कसली वकील आहे, हे आमच्या गावात बरीच वर्षं कोणालाच नीट कळलं नव्हतं. देवणीजवळच्या आमच्या गावी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की लेक दिल्लीला 'स्पर्धेच्या केसी' लढते. झालं. मी सुट्टीला आले की शाळेचे मुख्याध्यापक घरी हजर. दोन वर्षं ओळीने मी खो-खोच्या बक्षीस समारंभाची प्रमुख पाहुणी होते. एकदा तर हरलेल्या संघातल्या मुलींचे पालक तक्रार घेऊन आले. मी त्यांना समजावून सांगितलं की माझा कायदा धंद्यातल्या स्पर्धेचा आहे. व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव बांधू नयेत, सगळ्यांनी मिळून एकाची वाट अडवू नये, हे मी बघते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पंच बदलून मिळंल का न्हाई?"

दिल्लीत माझे अशील मोठमोठ्या कंपन्या. त्यांच्या भांडणात मी बारा वर्षं काढली. भाव बांधणारे लोक हुशार असतात, कागदावर काही ठेवत नाहीत. एका प्रकरणात आम्ही आठ महिने ईमेल वाचत होतो, आणि हाती काय लागलं, तर 'परवाच्या जेवणात ठरल्याप्रमाणे' एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांवर मी दोन दिवस युक्तिवाद केला. मजा होती त्यात, नाही म्हणत नाही. पुढे सुनावण्या ऑनलाइन व्हायला लागल्या तेव्हा लक्षात आलं की हेच काम लातुरात बसूनही होईल. परत आले, गावाहून आप्पांना सोबत आणलं आणि औसा रोडला दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं.

एका दुपारी एक बाई आली. तिशीची असेल. नांदेडकडून, हिमायतनगरच्या पलीकडच्या एका गावाहून एसटीने आलेली. खांद्याला पत्र्याची पेटी. तिने पेटी टेबलावर ठेवली आणि मला वाटलं कागद असतील. पेटीत ट्रंपेट होतं.

"हे स्टँडवर ठिवून यायचा भरोसा न्हाई," ती म्हणाली. "कागद पिशवीत हायेत."

तिच्या वडिलांचा बँड होता. ते क्लॅरिनेट वाजवायचे. समोरचे दात पडले, फुंक सुटायला लागली, तेव्हा बँड लेकीने हाती घेतला. मजुरांच्या घरचं लग्न असलं की ती त्यांच्या ऐपतीप्रमाणे सुपारी घ्यायची. तालुक्यातल्या बँडवाल्यांच्या संघटनेला ते खपलं नाही. त्यांनी सगळ्यांसाठी एकच दर ठरवला होता. हिने तो पाळला नाही म्हणून त्यांनी मंडपवाल्यांना, घोडेवाल्यांना आणि जनरेटरवाल्यांना बजावलं की ही जिथे वाजवेल तिथे तुम्ही जायचं नाही. आता कोण हिला बोलावणार? वरातीला बँड आहे, पण घोडा नाही आणि उजेडही नाही.

"पुरावा आहे का काही?" मी सवयीने विचारलं. मनात म्हटलं, आता साक्षीदार शोधा, फोनचे रेकॉर्ड मागवा.

तिने पिशवीतून गुंडाळी काढून उलगडली. भिंतीवरचं रंगीत कॅलेंडर होतं. वर गणपती. खाली संघटनेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फेटे घातलेले फोटो. त्याखाली ठळक अक्षरांत तालुक्याचे दर, आणि शेवटी, 'यापेक्षा कमी दराने वाजविणाऱ्यास मंडप, घोडा व जनरेटर मिळणार नाही. आदेशावरून.' शिवाय सगळ्यांच्या सह्या.

मी हसायला लागले ते थांबेचना. ती बाई आधी घाबरली, मग तीही हसली. बारा वर्षांत असा पुरावा मी पाहिला नव्हता. एकाच पानावर सगळं, आणि तेही तारीख-तिथीसकट.

दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाकडे थेट तक्रार नेता आली असती. पण ती म्हणाली, "ताई, त्यांच्यासंगंच मला उद्या वाजवायचं हाय. नाहक बखेडा नको." म्हणून आधी नोटीस पाठवली. चौथ्या दिवशी संघटनेचे अध्यक्ष स्वतः ऑफिसात आले. फोटोतल्यापेक्षा वाळलेले, पायात साधी चप्पल, हातात माझी नोटीस.

"मॅडम, आम्ही काही चोरून केलंय का?" ते खरोखर दुखावले होते. "सगळ्यांच्या घरी कॅलेंडर वाटलं. तहसीलमधी बी लावलंय."

"तेच तर अवघड आहे, काका," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले आणि बोलत राहिले. लोक घासाघीस करतात, भर उन्हात चार तास वाजवून घेतात आणि पोरांना जेवायला शेवटी बसवतात. दर एक असला की कोणी कोणाला पाडत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिल्लीत समोरच्याचं दुःख मला असं समोर बसून कधी ऐकावं लागलं नव्हतं. मी चहा मागवला आणि त्यांना सांगितलं की संघटना बेकायदा नाही. किती तास वाजवायचं, जेवण कधी, आगाऊ रक्कम केव्हा, याचा नमुना करार करा. पोरांचा विमा काढा. फक्त दर ज्याचा त्याने ठरवायचा आणि कोणाची वाट अडवायची नाही.

"हे समद्यांना तुमीच सांगा," ते उठत म्हणाले. "माझं कोण ऐकून राहिलंय?"

म्हणून एका रविवारी मी तालुक्याच्या मंगल कार्यालयात चाळीस वादकांपुढे उभी राहिले. न्यायाधीशांपुढे कधी फुटला नाही एवढा घाम फुटला. एक ढोलवाला मागून ओरडला, "विम्यात ढोल फुटला तर धरत्यात का?" मी म्हटलं, तसं विम्यातच लिहून घेऊ. त्यावर जो गोंधळ झाला तो आनंदाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. हात वर झाले, बंदी उठली आणि कॅलेंडरं उतरवायची ठरली. माझ्या अशिलाने तिथेच मंडपवाल्याला गाठून पुढच्या लग्नाची तारीख पक्की केली.

त्या लग्नाला तिने आम्हाला आग्रहाने बोलावलं. नवरदेव वीटभट्टीवरचा. घोडा आला होता, आणि कपाळावर बाशिंग बांधून ऐटीत उभा होता. अध्यक्षांचा बँड नवरीकडून होता. वेशीजवळ दोन्ही बँड समोरासमोर आले. काका ताशाला हात घालून म्हणाले, "चल बाई, होऊ दे!" आणि अर्धा तास कोणी कोणाला ऐकेना. आप्पांनी गुडघ्याचा पट्टा सैल केला आणि चक्क नाचले. मी त्यांना पंचेचाळीस वर्षांत नाचताना पाहिलं नव्हतं.

मध्येच त्या बाईने ट्रंपेट माझ्या हातात दिलं. "फुंका, ताई." मी जीव खाऊन फुंकलं. म्हशीचं रेडकू रेकावं तसा एकच आवाज निघाला. घोडा दचकला, नवरदेवाने लगाम धरला आणि सगळी वरात पोट धरून हसली. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या कंपनीची ऑनलाइन सुनावणी होती. वरचा ओठ टम्म सुजलेला. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी काळजीने विचारलं, दाताचं काही झालं का? मी म्हटलं, नाही, काल लग्नात वाजवत होते. मग मी फाइल उघडली आणि सुजलेल्या ओठाने युक्तिवाद सुरू केला.