खाऱ्या वाऱ्यावर आळ

पूर्णगडात काही बिघडलं की पहिला आळ खाऱ्या वाऱ्यावर. केरूमामा त्यातलेच. आयुष्यभर मुंबईत लोकांच्या गाड्या चालवून ते गावी परतले आणि एक जुनी गाडी घेतली. आज दमयंतीवहिनींच्या होमस्टेचे पाहुणे वेळणेश्वरला न्यायचे होते. फेरी नीट झाली तर सगळ्या सीझनचे पाहुणे त्यांचेच, असं वहिनींनी कबूल केलं होतं.

सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म. दिवे लख्ख लागले, हॉर्नने शेजारचं कुत्रं उठवलं, पण स्टार्टर साधं टक् करेना. अशा वेळी मामा एकालाच फोन करत, बहिणीच्या दर्शनला. बाप गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला, गाडी शिकवली. आता तोही स्वतःच्या गाडीने पाहुणे फिरवायचा. काल जेवायला आला, तेव्हा ऑइल बघतो म्हणून त्यानेच बॉनेट उघडलं होतं.

"मामा, टर्मिनलांना मीठ धरला असंल," दर्शन म्हणाला. "अर्थिंगची वायरपन काढून घासा. निवांत करा."

दिवे लख्ख आहेत म्हणजे बॅटरी ठीक आहे, हे काय मामांना कळत नव्हतं? पण भाच्याचा शब्द. पॉलिश पेपर घेऊन बसले घासत. माया माणसाला अशी बिनडोक करते.

घासून झालं, आवळून झालं, गाडी ढिम्मच. तेव्हा त्यांनी बॉनेटखालची काळी डबी उघडली. स्टार्टरला करंट देणाऱ्या रिलेची जागा रिकामी होती. मीठ रिले खाईल, उचलून नेणार नाही.

"दर्शननी काढलान," मामा पुटपुटले. चोराने नेला असता तर चार शिव्या घालून मोकळे झाले असते. ज्याला आपल्या ताटातला घास दिला, त्याला शिवी तरी कोणत्या तोंडाने द्यायची?

हॉर्नचा रिले त्याच मापाचा. तो काढून तिथे बसवला आणि गाडी लगेच सुरू झाली. हॉर्नशिवायच मामा वहिनींकडे पोचले. पाहुणे गेले होते.

"दर्शन घेऊन गेला," वहिनी हसत म्हणाल्या. "म्हनला, मामांची गाडी बंद पडली, त्यांनीच मला पाठवलानी. मग सीझनचापन त्यालाच सांगितला मी. तुमच्याच हाताखालचा ना, केरूभावजी? घरातला घरात राह्यला."

मामांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"हो," ते म्हणाले, "माझाच."