रांगोळी कंपनीतली काशीमावशी

काशीमावशी कामावरून सुटली की फाटकाबाहेर उभी राहून आधी पदर झटकायची. पांढरा धुरळा उडायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "बघ गो सुमन, झाले का नाय मडमेसारखी गोरी? नवरा असता तर त्यानं वलखली नसती." आम्ही हसायचो. तिचं हसणं मात्र खोकल्यात संपायचं.

ती जूचंद्रची. तरुणपणी मिठागरात राबली. मिठागर बंद झालं तशी सातिवलीच्या कारखान्यात लागली. तिथं पांढरी गारगोटी यंत्रात दळून पूड करायचे. ती पूड रांगोळी म्हणून विकली जायची, म्हणून आम्ही सगळ्या त्याला रांगोळी कंपनी म्हणायचो. मावशी यंत्राच्या तोंडाशी, मी पिशव्या भरायला. नाकातोंडाला पदर बांधायचा, एवढीच सोय. मी नवीन होते, कुणाशी बोलत नव्हते. पहिल्याच दिवशी तिनं डबा माझ्यापुढे सरकवला. "खा गो. बोंबील हाय, चावनार नाय तुला."

पुढे खोकला वाढला, ती वाळत चालली. दवाखान्यात जाताना तिनं मला सोबत नेलं, कारण मी चौथी शिकलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"रांगोली."

"राहता कुठं?"

"जूचंद्र."

त्यांचा चेहरा खुलला. जूचंद्रचे रांगोळी काढणारे सगळीकडे नावाजलेले. "अरे वा, म्हणजे कलाकार तुम्ही!" मावशी लाजून हसली.

त्यांचा गैरसमज झालाय हे मला कळलं. काढत नाही, दळतो, एवढंच सांगायचं होतं. पण समोर एवढा शिकलेला माणूस, मागे माणसांची रांग. मी खाली बघत राहिले. थुंकीत काही निघालं नाही, पण छातीच्या फोटोत डाग होते. त्यांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं.

मावशीच्या मुलाची मुलगी ओवी तेव्हा दोन वर्षांची होती, सदा आजीच्या कडेवर. त्या दिवसापासून मावशीनं पडवीत अंथरूण घातलं, ताट वेगळं केलं. घराच्या उंबऱ्याबाहेर ती रोज रांगोळीची एक रेघ ओढायची. "ही वलांडायची नाय हां. आजीला बाऊ झालाय." पोर पलीकडून हात पसरून रडायची. मावशी पाठ फिरवून बसायची. आणि गोळ्या खात कामावर येत राहायची. म्हणायची, "बरी झाले का पयली तिलाच उचलनार."

गोळ्या संपल्या, पुन्हा सुरू झाल्या. अशी दोन वर्षं गेली. शेवटी चार पावलं चालली तरी तिला धाप लागायला लागली, तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही कामाचं विचारलं.

"रांगोली," मावशी म्हणाली.

"काढत नाही, बाई," मी म्हणाले. "दळतो. गारगोटी दळतो."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "हा क्षय नाही. दगडाची धूळ फुप्फुसात बसली आहे. ती आता निघायची नाही. आधी कळलं असतं तर काम तरी सोडायला लावलं असतं."

मावशीनं औषधाचं विचारलंच नाही. "म्हंजे कोनाला लागत नाय?"

"नाही."

"पोरीला घेतली असती तरी चाललं असतं?"

"हो, मावशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या खांद्याला धरून उठली.

घरी आल्यावर तिनं पायानं ती रेघ पुसून टाकली आणि हात पुढे केले. "ये गो बाय. आजीला काय पन नाय झाला."

ओवी आता चार वर्षांची होती. ती पुसलेल्या रेघेपाशी थांबली. "नको आजी. बाऊ लागंल."

मावशी रोज बोलवायची. पोर रोज तिथपर्यंतच यायची. तिसऱ्या आठवड्यात मावशी गेली, भिंतीला टेकून, बसल्याबसल्याच. आडवं पडलं की तिला श्वास घेता यायचा नाही.

न्यायच्या वेळी मी ओवीला पाया पडायला पुढे केलं. तिनं माझा हात सोडवून घेतला.

"लांबनंच," ती म्हणाली, आणि होती तिथंच जमिनीला डोकं टेकवलं.