ज्याचा आवाज पुसला, त्याला सांगून ये

माझा स्वभावच संशयी. आई म्हणायची, ही पोरगी डोळ्यांदेखत काढलेलं दूधसुद्धा हुंगून पिईल. त्यामुळे आमच्या वर्गाला शिकवायला थेट बैरुतहून एक अरब पत्रकारबाई येणार आहेत असं कळलं तेव्हा बाकीच्यांना अप्रूप वाटलं, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला की हिचं इथे नगरात काय अडलंय?

बांगलादेशची लढाई नुकतीच संपलेली. नगरच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या नेहमीच्याच, पण त्या दिवसांत अनोळखी माणसाकडे लोक जरा जास्तच वेळ बघायचे. त्यात दुष्काळ. गावोगाव काम करणाऱ्या आम्हा तरुण मुलामुलींना बातमी कशी मिळवायची, कशी लिहायची, लोकांना बोलतं कसं करायचं हे शिकवावं म्हणून एका संस्थेने वसतिगृहात हा वर्ग भरवला होता. मला इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, म्हणून दुभाषीपण माझ्या गळ्यात पडलं.

आम्हाला वाटलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली कुणीतरी येईल. आली ती पन्नाशीची, आखूड केसांची, पँट घातलेली, हातात सिगारेट. खांद्याला टेपरेकॉर्डर. स्वयंपाकाच्या मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ही बया हेर हाय बघ." मी म्हटलं, "मावशी, मलाही तसंच वाटतंय."

आणि ती वागायचीही तशीच. बाजारात गेली की भाव विचारायची नाही, तो कोण ठरवतो ते विचारायची. विहीर दिसली की इथे कोण पाणी भरतं आणि कोण भरत नाही, हे आधी. एवढ्या चांभारचौकशा कशाला? एक दिवस मी भर वर्गात विचारलं, "मॅडम, हे सगळं ऐकून तुम्ही कुणाला सांगता?" ती खूश झाली. म्हणाली, "इतके दिवस वाट बघत होते, कुणी विचारतंय का. आधी माझ्यावर संशय घ्यायला शिका, मग सरकारवर घ्या." मला काही ते उत्तर पटलं नाही. प्रश्न टाळायचा झाला की हुशार माणसं असंच कौतुक करतात.

तिच्या शिकवण्यातला पहिला धडा त्या यंत्राचा. ऐकायचं असेल तर एका बोटाने एक कळ दाबायची. आवाज भरायचा असेल तर दोन बोटांनी दोन कळा एकदम. चुकून दोन बोटं पडली, तर आधीचं सगळं पुसून जातं आणि त्या जागी नवं भरलं जातं. बेलापूरच्या एका पोराने नेमकी तीच चूक केली. त्याने स्वतःच्याच मावशीच्या ओव्या भरून आणल्या होत्या आणि आम्हाला ऐकवायला म्हणून दोन बोटं दाबून बसला. ओव्या गेल्या, आमचं खिदळणं तेवढं उरलं. मॅडम हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, "ज्याचा आवाज पुसला, त्याला सांगून ये." आम्हाला वाटलं, गंमत करतायत. पण तो पोरगा खरोखर एसटीने बेलापूरला गेला, मावशीच्या शिव्या खाऊन परत आला, तेव्हा कुठे त्याला पुन्हा यंत्राला हात लावू दिला.

मग एका सकाळी आम्ही दोघी जीपने पाथर्डीच्या बाजूला एका दुष्काळी कामावर गेलो. खडी फोडायचं काम. ऊन असं, की फोडलेला दगड हातात धरवेना. जेवणाच्या सुट्टीत बायांमध्ये बसलो. आधी कुणी बोलेना. मॅडमनी भाकरी मागून घेतली, ठेचा तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा बायका हसल्या. मग एक काळ्या लुगड्यातली, माझ्याच वयाची बाई माझ्याजवळ सरकली. नवरा कामधंदा शोधायला गेलेला, त्याचा पत्ता नाही, दोन लेकरं पदरात. तिची चूल त्या कामावरच पेटत होती.

"ताई, टँकर आमच्यासाठी येतो म्हनत्यात," ती म्हणाली. "पर आदी जातो साहेबाच्या पावन्याच्या मोसंबीच्या बागंत. झाडं प्याली की मग उरलंसुरलं आमाला. काल एक म्हातारी भवळ येऊन पडली. तिच्या तोंडात घालाया घोटभर न्हाई."

दोन्ही कळा मी नीट दाबल्या होत्या. माझी पहिली बातमी. आवाजासकट. जीपकडे जाताना मी मनात मथळासुद्धा ठरवून टाकला.

जीपपर्यंत पोचलोच नाही. मुकादमाने बघितलं होतं. त्याने आम्हाला साहेबाच्या तंबूत नेलं. साहेब म्हणजे त्या कामावरचा मोठा माणूस. खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि गोड आवाजात मला म्हणाला, "परदेशी बाई, नगर लष्कराचं गाव, आणि विनापरवाना आवाज भरून घेता? पोलिसांना बोलवायचं का? नाहीतर असं करा, टेप ऐकवा. कोण बाई काय बोलली ते मला कळू दे."

आवाज ऐकला की मुकादम तिला एका क्षणात ओळखणार आणि संध्याकाळच्या आत तिची हजेरी बंद होणार. मी मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हटलं, देऊ नका. त्या नुसती मान हलवून म्हणाल्या, "त्यांना सांग, ऐकवते." माझा संशय खरा ठरला असं मला वाटलं. एवढा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आलाय. परदेशी पासपोर्टवाली ती, ती सुटेल, आणि ती काळ्या लुगड्यातली खड्ड्यात जाईल.

मॅडमनी यंत्र टेबलावर ठेवलं. टेप मागे फिरवली. छोटा माईक टेबलावरच सोडून दिला. आणि कळ दाबली.

दोन बोटांनी.

मी बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "साहेबांना सांग, यंत्र जुनं आहे, तयार व्हायला वेळ लागतो. तोवर चहा घेऊ." साहेबाचं इंग्रजी फाइलीपुरतं होतं. मी भाषांतर केलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

चहा आला. टेपच्या चकत्या फिरत होत्या. साहेब बशीत चहा ओतून फुंकर मारत म्हणाला, "ती बाई कोण ते तुम्हीच सांगून टाका ना. उद्यापासून तिला कामावर ठेवत नाही. आणि टँकरचं म्हणाल तर बाग वाळली तर पाहुण्यांना काय तोंड दाखवू? ह्या बायकांना सवय असते तहानेची." मुकादम हसला. मॅडमनी दुसरा कप मागितला. मीही मागितला. एवढा गुळमट चहा मी जन्मात प्यायले नसेन.

मग मॅडमनी टेप मागे घेतली आणि एका बोटाने कळ दाबली. आधी बशीचा खणखणाट. मग फुंकर. मग साहेबाचा आवाज, अगदी लख्ख: सवय असते तहानेची.

साहेबाचा चेहरा कोऱ्या धोतरासारखा झाला. मॅडमनी टेप काढून त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "सांग त्यांना, त्यांचाच आवाज आहे, त्यांनीच ठेवावा."

जीपमध्ये मी भडकले. "त्याला दिलीत कशाला? तीच तर बातमी होती. आणि आता दुसरी प्रत तरी आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रत नाही, हे तो कधीच मानणार नाही."

त्यांना तो माणूस माझ्यापेक्षा जास्त कळला होता. माझी पहिली बातमी मात्र बुडाली, आणि त्याचं मला रडू आलं, ते मी जीपच्या धुळीवर ढकललं. वसतिगृहात उतरताना मॅडम म्हणाल्या, "आता तुझं काम राहिलं. तिला सांगून ये."

पुढच्या आठवड्यात मी एकटी एसटीने गेले. रस्त्याने टँकर एसटीच्या पुढेच चालला होता. मोसंबीची झाडं दिसली, बागेचं वळण आलं. तो वळला नाही, सरळ गेला. माझा विश्वास बसेना. परत येताना वळेल, असं म्हणत मी कामापर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होते.

ती कामावर होती. तेच काळं लुगडं, हातात हातोडी. आसपास ऐकू जाईल इतक्या जवळ कुणी नव्हतं. मी शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "तुझं बोलणं आम्ही पुसून टाकलं. कुणाला कळलं नाही. तेवढंच सांगायला आलेय."

तिने मान वर केली नाही. दगडावर एक घाव घातला. "कोन तुमी? मी तुमाला वळखत न्हाई," ती म्हणाली. "आन् मी कवा कुनाशी काय बोलले?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी धडपड कुणासाठी केली होती? मग लक्षात आलं की मीही तिच्या जागी हेच बोलले असते, अगदी ह्याच शब्दांत. मी उठायला लागले.

तेवढ्यात तिने, माझ्याकडे न बघताच, बाजूचा पितळी तांब्या डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. काठोकाठ भरलेला होता. "ऊन लई हाय," ती दगडाला म्हणाली.

मी पाणी प्यायले. आधी हुंगलं नाही.