चौकशीच्या वर्षीचा आगमनकाळ

नाशिकच्या चर्चमध्ये आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती. बाहेर आले तर बाचे तीन मिस्ड कॉल.

"कुठं होतीस?"

"चर्चला."

"आता नको जाऊ. कागद हातात येईपर्यंत नको."

कागद म्हणजे माझ्या जमातीच्या दाखल्याची पडताळणी. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि माझा प्रवेश त्या कागदावर टिकून होता. त्या दिवसांत, धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा म्हणून मोर्चे निघत होते. धर्म बदलला म्हणून जमात जात नाही, असं मला वर्गात शिकवलं होतं. तेच मी बाला सांगितलं.

"कायदा तू शिकलीस," बा म्हणाला. "मोर्चेवाले शिकलेत का? आन् मेणबत्ती काय पळून जाते?"

दुसऱ्या रविवारी मी होस्टेलवरच थांबले. हा काळ येणाऱ्या प्रभूची वाट पाहण्याचा. आमच्या घरी त्या वर्षी दाखल्याच्या चौकशीला येणाऱ्या साहेबांची वाट पाहिली.

ते येणार म्हणून मी सुरगाण्याकडच्या आमच्या गावी गेले. भिंतीवरचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर बाने काढून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

साहेब सभ्य होते. पेरणीआधी काय करता, लग्न कसं लावता, डोंगऱ्यादेवाच्या व्रताला कोण बसायचं, असं विचारत गेले. बाने सगळं नीट सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, ते सगळं आमचंच आहे. मग वही मिटता मिटता साहेबांनी विचारलं, "आता कोणाला मानता?"

बाने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फाइलकडे पाहिलं.

"डोंगराला," बा म्हणाला.

साहेबांनी वही पुन्हा उघडून तेवढं लिहिलं, चहा घेतला आणि गेले. कागद पुढे मिळालाही.

त्या दुपारी बा, आई आणि मी नागलीच्या भाकरी पुढ्यात घेऊन बसलो. जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे बाच करतो, मला कळायला लागल्यापासून. त्या दिवशी तो म्हणाला, "पोरी, तू कर."

मी डोळे मिटले. पहिले शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. शेवटी आईच म्हणाली, "जेवा आता. गार व्हतंय."