भामरे साहेबांची दुसरी फेरी

भामरे साहेब बांधकामावर आले की आधी कागद मागत नसत. मजुरांच्या पिंपातलं पेलाभर पाणी पीत आणि विचारत, "काय अडतंय?" सरकारी सुरक्षा निरीक्षकाकडून आम्हाला दंडाची सवय होती, या प्रश्नाची नव्हती. परवा ते वारल्याचं कळलं.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या सोसायटीवर दोन मजले चढत होते. खजिनदार म्हणून देखरेख माझ्याकडे होती. साहेब येणार म्हटल्यावर ठेकेदाराने पुरुषांना हेल्मेटं वाटली आणि सहा बायकांना मागच्या शेडमध्ये बसवून ठेवलं. मी ते पाहिलं, बोललो नाही. साहेब नेमके शेडमध्येच जाऊन बसले.

सुरगाण्याची जिजाबाई म्हणाली, "साहेब, त्या टोपीवर चुंबळ बसत नाय. घमेलं घसरतं. आन् घमेलं नाय उचललं तर आमाला कामावर कोण ठेवील?"

"लावा दंड साहेब, होऊन जाऊ द्या," ठेकेदार कंटाळून म्हणाला.

"पावती फाडली की मी मोकळा, तुम्ही मोकळे. हिच्या डोक्यावर वीट पडायची ती पडेलच."

त्यांनी महिन्याची मुदत दिली. माल वर चढवायचं छोटं यंत्र भाड्याने कुठे मिळेल तेही सांगितलं. ते बसवलं त्या दिवशी स्वतः येऊन जिजाबाईला शिकवलं. ती हात लावायला भीत होती. "मावशी, मोबाइल चालवता ना? याला तर दोनच बटणं आहेत," म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मुदत संपल्यावर ते पुन्हा आले. जाळी, कठडे, हेल्मेटं, सगळं नियमाप्रमाणे होतं. मी मोठ्या हौसेने दाखवत होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "जिजाबाई कुठंय?"

यंत्रावर ठेकेदाराने आपला माणूस बसवला होता आणि खाली दोघींत काम भागत होतं. जिजाबाईसकट उरलेल्या चौघींना काढायचं ठेकेदाराने मला विचारूनच ठरवलं होतं. हिशेब मी तपासला होता, त्यात चूक नव्हती. साहेबांना मी तसंच सांगितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर टेकले. "तिने मला आधीच सांगितलं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं," एवढंच म्हणाले. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.

त्या बायका सकाळी कामासाठी कोणत्या नाक्यावर उभ्या राहतात, असं त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं.

पुढे साहेबांनी नाक्यावर जाऊन जिजाबाईला शोधलं आणि दुसऱ्या एका बांधकामावर यंत्र चालवायला लावून दिलं. बाकी तिघी सापडल्या नाहीत. ठेकेदारानेच मला हे सांगितलं. "साहेब आता मुकादम झाले," म्हणाला आणि हसला.

मीही हसलो.